लेथवर पार्टिंग: ब्लेड कसं निवडायचं आणि ते का अडकतं

टर्निंग, फेसिंग, ड्रिलिंग ही लेथवरची कामं काही महिन्यांत हाताला बसतात. पार्टिंगचं तसं होत नाही. बारमधून तयार जॉब कापून वेगळा करायची वेळ आली की मुरलेला टर्नरही कान टवकारून उभा राहतो, कारण इथे बिघाड आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. किरकिर सुरू होते, आवाज चढत जातो, आणि एका क्षणी 'टक्' होऊन ब्लेडचा तुकडा खाचेत अडकून बसतो. पुढचं काम हॅक्सॉने.

यानंतर बहुतेक शॉपमध्ये खापर ब्लेडवर फुटतं. माल हलका निघाला, पुढच्या वेळी महागाचं आणू, असं ठरतं. महागाचं ब्लेडही तसंच मोडतं. ब्लेडची निवड महत्त्वाची आहेच, आणि तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण पार्टिंग बिघडतं ते मुख्यतः दोन कारणांनी: चिपला (कापताना निघणाऱ्या धातूच्या सालीला) बाहेर यायला वाट मिळत नाही, आणि मशीनमध्ये कुठेतरी ढिलाई असते. ब्लेड निवडतानासुद्धा हीच दोन कारणं डोळ्यांसमोर ठेवली, तर कोणत्या मशीनला काय झेपेल हे आपोआप कळत जातं.

इतर टूल आणि पार्टिंग टूल यांत फरक काय

साधं टर्निंग करताना टूलचा एक कोपरा धातूत असतो, बाकी सगळं मोकळ्यावर. चिप वाटेल तिकडे उडू शकते. पार्टिंगमध्ये टूल स्वतःच खणलेल्या खाचेत शिरत जातं. समोर धातू, डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. चिप खाचेएवढीच रुंद, किंबहुना कापताना दबून किंचित फुगलेली, आणि तिला बाहेर पडायला तीच एक खाच. कूलंटलाही आत शिरायला तीच वाट. टूल मात्र पातळ आणि लांब असावंच लागतं. म्हणजे सगळ्यात लवचीक टूलने सगळ्यात कोंदट जागेत काम करायचं.

त्यात भर पडते वेगाची. समजा ४० मिमीचा माइल्ड स्टीलचा बार १२० आरपीएमवर फिरतो आहे. बाहेरच्या कडेला कटिंग स्पीड पडतो मिनिटाला सुमारे १५ मीटर. टूल २० मिमी व्यासापर्यंत पोचलं की तोच स्पीड साडेसातवर येतो, १० मिमीला पावणेचारच्या आसपास, आणि २ मिमीला पाऊण मीटर. अगदी मध्यावर शून्य. तिथे टूल धातू कापत नसतं, तो दाबून, रेटून बाजूला सारत असतं. एकाच कापात टूलला इतक्या वेगवेगळ्या परिस्थितींतून जावं लागतं, असं लेथवरचं दुसरं काम चटकन आठवणार नाही.

टूल 'खेचलं' जातं म्हणजे नेमकं काय होतं

ही गोष्ट नीट समजली की पुढचे सगळे उपाय पाठ करावे लागत नाहीत, म्हणून इथे जरा थांबू.

फिरणारा जॉब टूलच्या टोकाला सतत खाली दाबत असतो. ३ मिमी रुंद ब्लेड माइल्ड स्टीलमध्ये फेऱ्यामागे ०.०८ मिमी फीडने (म्हणजे दर फेऱ्याला तेवढं आत सरकत) चालत असेल, तर हा दाब ढोबळ मानाने ७० किलोच्या घरात जातो. चांगलं मशीनही याखाली सूक्ष्म का होईना, वाकतंच. प्रश्न असतो ते कुठल्या दिशेने वाकतं याचा.

फोर-वे टूल पोस्टवर (टूल धरणाऱ्या चौकोनी ठोकळ्यावर) बांधलेलं टूल खाली दबलं की टूल पोस्ट, त्याखालची छोटी टॉप स्लाइड आणि तिच्याखालची, टूल जॉबकडे नेणारी क्रॉस स्लाइड मिळून किंचित पुढे कलतात. कलण्याचा बिंदू स्लाइडच्या आसपास, म्हणजे टूलच्या टोकाच्या खाली आणि मागे असतो. त्यामुळे टोक सरळ खाली जात नाही. ते खाली आणि पुढे, म्हणजे जॉबच्या आत सरकतं. आत सरकलं की चिप जाड होते. चिप जाड झाली की दाब वाढतो. दाब वाढला की टोक आणखी आत जातं. हे चक्र अर्ध्या फेऱ्यात पूर्ण होऊ शकतं.

आता यात स्क्रूची ढिलाई मिसळा. क्रॉस स्लाइडच्या नटात पाव मिमीचा बॅकलॅश (मोकळी चाल) असेल, तर टूलने एकदा पकड घेतली की ते तेवढ्या अंतराने झटक्यात आत ओढलं जाऊ शकतं. आपण देत होतो ०.०५ मिमी. म्हणजे एका क्षणात पाच-सहा पट जाड चिप. यापुढे तीनच शक्यता उरतात: पट्टा घसरतो, जॉब त्याला पकडून फिरवणाऱ्या चकमध्ये सरकतो, किंवा ब्लेड मोडतं. हलक्या, पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनवर पट्टा घसरला तर नशीब समजायचं. गिअर हेडच्या दणकट मशीनमध्ये घसरायला काही नसतं, म्हणून तिथे बहुधा ब्लेडच जातं.

याच भूमितीमुळे काही लेथवर पार्टिंग टूल मागच्या बाजूला, उलटं करून बांधतात. मागून जॉब टूलला वर उचलतो. टोक वर उचललं जाताना स्लाइडभोवती मागे कलतं, म्हणजे जॉबपासून दूर जातं. दाब वाढला की चिप आपोआप पातळ होते. शिवाय चिप वजनाने खाली पडते, खाचेत साचून राहत नाही. ज्यांच्या क्रॉस स्लाइडवर मागे टी-स्लॉट आहेत आणि ज्यांना रोज पार्टिंग करावं लागतं, त्यांनी हा मागचा टूल पोस्ट जरूर बनवून घ्यावा. जुन्या टर्नरांकडे हंसाच्या मानेसारखा वाकवलेला स्प्रिंग होल्डर असायचा, त्यामागेही हाच विचार होता. त्यात वाकण्याचा बिंदू टोकाच्या वर आणलेला असतो, त्यामुळे दाब आला की टोक मागे सरतं.

आधी मशीनकडे बघा

ब्लेडची खरेदी करण्याआधी पंधरा मिनिटं मशीनला द्या. क्रॉस स्लाइड आणि टॉप स्लाइडच्या जिब पट्ट्या (स्लाइडची ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या) तपासा. हॅण्डल फिरवताना किंचित जड लागावं इतपत त्या आवळलेल्या हव्यात. टूल पोस्टला हात घालून जोर लावल्यावर स्लाइड जाणवण्याइतकी डुलत असेल, तर त्या मशीनवर जगातलं कुठलंही ब्लेड टिकणार नाही. पार्टिंगला टॉप स्लाइडची गरज नसते, तेव्हा ती मागे घेऊन आपल्या बैठकीवर पूर्ण टेकलेली ठेवा आणि लॉक करा. बाहेर लोंबकळणारी टॉप स्लाइड हे ढिलाईचं सगळ्यात मोठं आगर. काही जण पार्टिंगच्या मोठ्या लॉटसाठी ती काढूनच टाकतात आणि जागी लोखंडी ठोकळा बसवून त्यावर टूल पोस्ट बांधतात. उपाय वेळखाऊ आहे, पण छोट्या मशीनवर फरक पहिल्याच कापात कळतो.

कॅरेज, म्हणजे या स्लाइड ज्यावर बसतात तो लांबीत सरकणारा भाग, लॉक करणं अनेक जण विसरतात. कॅरेज मोकळी असली तर ब्लेड बाजूला सरकायला वाव मिळतो, आणि पातळ ब्लेडला बाजूचा धक्का मुळीच सोसत नाही.

चककडेही बघायला हवं. वर्षानुवर्षं वापरलेल्या जॉ (चकचे पकडणारे जबडे) तोंडाशी झिजलेल्या असतात. त्या बार फक्त आतल्या टोकाला धरतात आणि आपण कापतो त्या जागी बार थरथरतो. कापायची जागा जॉच्या जितकी जवळ तितकं चांगलं, होल्डर चकला लागणार नाही एवढंच अंतर राखायचं. चकपासून चार बोटं लांब पार्टिंग मारायला जाणं म्हणजे चॅटरला (टूल-जॉबच्या थरथरीला) आमंत्रण.

एचएसएस की कार्बाइड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत एखाद्या छोट्या शॉपमध्ये गेलात, तर साडेचार किंवा सहा फुटी लेथवर दोन प्रकारची पार्टिंग टूल्स दिसतील: होल्डरमधली एचएसएसची (हायस्पीड स्टीलची) पट्टी, नाहीतर टोकाला छोटं कार्बाइड इन्सर्ट बसवलेलं ब्लेड. दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

एचएसएसची पट्टी साधी दिसते, पण तिचा छेद बघा. वरची कड रुंद आणि खाली ती निमुळती होत गेलेली असते, किंवा वर टी आकाराचं डोकं असतं. हॅक्सॉच्या दातांना दिलेल्या सेटचं काम इथे हा आकार करतो: खाच पट्टीच्या अंगापेक्षा किंचित रुंद पडते आणि पट्टी भिंतींना घासत नाही. म्हणून एचएसएस ब्लेडला धार लावताना फक्त पुढचं तोंड घासायचं. साइड घासल्या तर तो आकार बिघडतो. वरचा माथा घासला तर रुंदी कमी होते, आणि मागची न घासलेली पट्टी पुढच्या धारेपेक्षा रुंद राहते. अशी पट्टी खोल जाताच अडकणार हे ठरलेलं. पुढच्या तोंडाला खालच्या बाजूने ५ ते ७ अंशांचा क्लिअरन्स पुरतो. त्याहून जास्त दिला तर धारेखालचा आधार कमी होतो.

साधी पट्टी एम२ हायस्पीड स्टीलची असते. एम३५ मध्ये ५ टक्के आणि एम४२ मध्ये ८ टक्के कोबाल्ट असतं. कोबाल्ट असलेली पट्टी गरम झाल्यावरही धार जास्त वेळ धरते, पण धक्क्याला थोडी नाजूक असते. माइल्ड स्टील, पितळ, अॅल्युमिनियम अशी कामं असतील तर एम२ पुरेसं आहे. कोबाल्टसाठी जास्तीचे पैसे स्टेनलेस किंवा टणक स्टील नियमित कापणाऱ्यांनीच मोजावेत.

कार्बाइडचा खरा फायदा सहसा वेगात सांगितला जातो. मला तो चिपच्या घडीत वाटतो. इन्सर्टच्या माथ्यावर छोटी खोलगट नक्षी असते, तिला चिप फॉर्मर म्हणतात. तिच्यावरून जाताना चिप दोन्ही कडांनी आत दुमडली जाते आणि खाचेपेक्षा अरुंद होते. मग ती भिंतींना न घासता गुंडाळी होऊन बाहेर पडते. पार्टिंगचं पहिलं दुखणं, म्हणजे चिपची कोंडी, त्यावर हे थेट औषध आहे. पण ही घडी पडायला चिपला किमान जाडी लागते. भीतीपोटी फेऱ्यामागे ०.०२ मिमी फीड दिला तर नक्षी कामच करत नाही, इन्सर्ट नुसतं घासत राहतं. २ ते ३ मिमीच्या इन्सर्टला ०.०५ ते ०.१२ मिमी फीड द्यावाच लागतो, आणि तो देण्याइतका मशीनमध्ये दम हवा.

इन्सर्टच्या दोन जाती जास्त दिसतात. एकात पातळ पोलादी ब्लेडच्या टोकाला खोबणी असते आणि इन्सर्ट तिच्या स्प्रिंगसारख्या पकडीत दाबून बसवतात. बाजारात ते जीटीएन या नावाने मिळतं: जीटीएन-२ ची रुंदी २.२ मिमी, जीटीएन-३ ची ३.१. ब्लेड सहसा २६ किंवा ३२ मिमी उंच, आणि होल्डरमध्ये मागेपुढे सरकवून हवं तेवढंच बाहेर काढता येतं. दुसरी जात एमजीएमएन: इन्सर्ट दोन तोंडांचं, होल्डरच्या जबड्यात स्क्रूने आवळलेलं. हे ग्रूव्हिंगला (खाच पाडायला) झकास आणि छोट्या व्यासाच्या पार्टिंगलाही चालतं, पण होल्डरची खोली ठरलेली असते, म्हणून मोठ्या व्यासाला उपयोग नाही. पहिल्या जातीत खोबणी जपावी लागते. इन्सर्ट काढायला तिच्यासोबत मिळणारी किल्लीच वापरायची. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की खोबणी फाकते, आणि मग नवं इन्सर्टही ऐन कापात निघून येतं.

माझं मत विचाराल तर सुटे जॉब करणाऱ्या शॉपमध्ये दोन्ही असावीत. एकच घ्यायचं आणि मशीन जुनं असेल, तर एचएसएस. ते हळू चालतं, ढिलाई थोडीफार सोसतं, ग्राइंडरवर दोन मिनिटांत पुन्हा धारदार होतं, आणि हवा तो आकार देता येतो. मशीन घट्ट असेल आणि दिवसाला शंभर तुकडे पाडायचे असतील, तर कार्बाइडशिवाय पर्याय नाही.

रुंदी आणि उंची: इथे अंदाज फसतो

जाड ब्लेड म्हणजे मजबूत ब्लेड, हा समज सगळीकडे आहे. तो निम्माच खरा आहे.

ब्लेड खाली वाकण्याला जो विरोध करतं, तो त्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो. पण रुंदी वाढली की कापायचा धातूही त्याच प्रमाणात वाढतो, म्हणजे दाबही तितकाच वाढतो. २ मिमीऐवजी ३ मिमीचं ब्लेड लावलं, तर ते दीडपट ताठ आणि त्यावरचा दाबही दीडपट. हिशोब फिटला, खाली वाकणं जेवढ्यास तेवढंच राहिलं. उंचीचं मात्र तसं नाही. ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो आणि उंचीमुळे दाब अजिबात वाढत नाही. १२ मिमीऐवजी १६ मिमी उंच ब्लेड घेतलं तर ते दुपटीहून जास्त ताठ होतं. म्हणून होल्डरमध्ये बसेल तेवढं उंच ब्लेड घ्यावं.

मग रुंदीचा उपयोग काय? बाजूला वाकण्याविरुद्ध. तिथे रुंदीचा घन चालतो, म्हणजे ३ मिमीचं ब्लेड २ मिमीपेक्षा तिपटीहून जास्त ताठ. खोल कापात पातळ ब्लेड एका बाजूला भरकटतं आणि कापलेलं तोंड बशीसारखं खोलगट किंवा फुगीर येतं. ते टाळायला रुंदी लागते. पण तिची किंमत मशीन भरतं: स्पिंडल, स्लाइड, स्क्रू, सगळ्यांवर दीडपट भार. हलक्या मशीनवर जाड ब्लेड म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

व्यवहारात मी हा अंदाज धरतो: कापायची खोली ब्लेडच्या रुंदीच्या साधारण आठपटीच्या आत ठेवायची. १/१६ इंच म्हणजे १.६ मिमीचं ब्लेड २५ मिमी व्यासाच्या बारपर्यंत, ३/३२ इंचाचं ३८ मिमीच्या आसपास, आणि एक सूत म्हणजे १/८ इंचाचं ५० मिमीपर्यंत. जे बसेल त्यातलं सगळ्यात अरुंद घ्यायचं. पैशातही ते परवडतं. ६ मिमी जाडीचे स्पेसर कापायचे आहेत. ३ मिमीच्या ब्लेडने एका तुकड्याला ९ मिमी बार जातो, म्हणजे मीटरमागे १११ तुकडे. २.२ मिमीच्या इन्सर्टने ८.२ मिमी, म्हणजे १२१. चकमध्ये राहणारं टोक सोडून हा ढोबळ हिशोब आहे, पण पितळ किंवा गनमेटल असेल तर ते दहा तुकडे डोळ्यांत भरतात.

बांधणी

ब्लेड होल्डरबाहेर किती काढायचं? ४० मिमीच्या भरीव बारला त्रिज्या २० मिमी, तर २३ मिमी बाहेर. बस्स. वाकणं बाहेर काढलेल्या लांबीच्या घनाने वाढतं. २५ ऐवजी ३५ मिमी बाहेर ठेवलं, तर ब्लेड पावणेतीनपट जास्त वाकतं. नुसत्या आळसामुळे, मागच्या मोठ्या जॉबला बाहेर काढलेलं ब्लेड तसंच ठेवल्यामुळे, कितीतरी ब्लेड मोडतात. व्यास फारच मोठा असेल तर अर्ध्यापर्यंत आखूड ब्लेडने जायचं, थांबून ते पुढे काढायचं आणि उरलेलं कापायचं.

ब्लेड अक्षाला काटकोनात हवं. त्याच्या सपाट अंगाला डायल गेज लावून क्रॉस स्लाइड पुढेमागे केली की चूक लगेच दिसते. घाईत असाल तर चकच्या तोंडाला ब्लेड समांतर आहे का हे डोळ्यांनी पाहून घ्या, पण खोल कापाला डायलच बरा.

सेंटर हाइटची जुनी युक्ती आजही उत्तम. सहा इंची स्टीलची पट्टी जॉब आणि टूलचं टोक यांच्यामध्ये उभी धरून टूल हलकेच टेकवायचं. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. पट्टीचा वरचा भाग आपल्याकडे कलला तर टूल खाली आहे, जॉबकडे कलला तर वर. टूल वर असलं तर धारेऐवजी तिच्याखालचं तोंड घासतं आणि मध्याजवळ कापच बंद पडतो. फार खाली असलं तर शेवटी मध्ये बोंडी (न कापलेला छोटा उंचवटा) उरते आणि जॉब टूलवर चढायला बघतो. कार्बाइडला ही उंची ०.१ मिमीच्या आत लागते. एचएसएस थोडं जास्त सोसतं, तरी पॅकिंगच्या पातळ पत्र्यांत कंजुषी करू नये.

प्रत्यक्ष कापताना

तोच ४० मिमीचा माइल्ड स्टील बार, ३/३२ इंची एचएसएस ब्लेड. टर्निंगला आपण मिनिटाला २५-३० मीटर देतो, पार्टिंगला त्याच्या निम्मा धरायचा. १५ मीटरला आरपीएम येतात सुमारे १२०. ऑटो फीड फेऱ्यामागे ०.०५. म्हणजे मिनिटाला ६ मिमी, आणि मध्यावर पोचायला साडेतीन मिनिटांच्या आत. २ मिमीचं कार्बाइड ६०० आरपीएमवर ०.०६ फीडने हेच काम साधारण अर्ध्या मिनिटात उरकतं.

हाताने फीड देत असाल तर मुख्य गोष्ट एकच: हात आखडता घेऊ नका. नव्या मुलांना 'हळू हळू जा' असं शिकवलं जातं आणि नेमकं तेच उलटं पडतं. फीड थांबला की धार घासते, घासली की तापते, धातूचा पृष्ठभाग दाबून कडक होतो. मग पुढचा घास घेताना टूल आधी घसरतं आणि मग एकदम आत शिरतं. चिप सलग येत राहील असा एकसारखा दाब ठेवा. क्रॉस स्लाइडचं चाक दोन हातांनी, हात बदलत फिरवलं तर फीड तुटत नाही. चॅटर आला तर पहिली प्रतिक्रिया स्पीड कमी करण्याची असावी आणि दुसरी फीड थोडा वाढवण्याची. फीड कमी करून चॅटर बहुधा वाढतोच.

चिपवर नजर ठेवा. सलग गुंडाळी निघत असेल तर सगळं ठीक. चुरा व्हायला लागला, धूर दिसला किंवा भिंतींवर ओरखडे उमटले, तर चिप आत अडकते आहे. खोल कापात एचएसएससाठी एक हमखास उपाय आहे: थोडं आत गेल्यावर टूल बाहेर घ्यायचं, कॅरेज अर्धा-पाऊण मिमी बाजूला सरकवून त्याच खाचेत पुन्हा उतरायचं आणि ती रुंद करायची. थोडा माल जातो, पण ब्लेडला अंग हलवायला जागा मिळते. टूल बाहेर काढताना जॉब फिरताच ठेवा. थांबवलेल्या जॉबमधून अडकलेलं ब्लेड ओढलं की इन्सर्ट आतच राहू शकतं.

स्टीलला कटिंग ऑइल किंवा सोल्युबल ऑइलचं कूलंट सलग धारेने, थेट खाचेत. एखादा थेंब अधूनमधून टाकण्यापेक्षा कमी प्रवाह पण अखंड, हे बरं. पितळ आणि बीड (कास्ट आयर्न) कोरडंच कापतात. पितळासाठी ब्लेडचा माथा सपाट ठेवा, वरचा कोन दिला की पितळ टूलला आत खेचून घेतं. अॅल्युमिनियम धारेला चिकटतं, तिथे रॉकेल चांगलं काम करतं, फक्त आसपास ठिणगी नको. स्टेनलेस ३०४ सगळ्यात चिडखोर: स्पीड मिनिटाला ८-१० मीटर, भरपूर तेल, आणि फीड एकदा सुरू केला की मध्ये थांबायचं नाही. थांबलात तर त्या जागी चकचकीत कडक कडी तयार होते आणि धार तिच्यावर घसरते.

मध्ये उरणारी बोंडी जॉबवर नको असेल, तर ब्लेडच्या तोंडाला ५ ते ८ अंशांचा तिरका कोन द्या, जॉबच्या बाजूचा कोपरा पुढे ठेवून. तो कोपरा आधी मध्याला पोचतो, जॉब स्वच्छ सुटतो आणि बोंडी बारवर राहते. पण तिरक्या तोंडाचं ब्लेड बाजूला ढकललं जातं, म्हणून खोल कापाला तोंड सरळच बरं. बोंडी नंतर फेसिंगमध्ये निघते.

सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) जी९६ कोडने आरपीएम व्यास घटेल तसे वाढत जातात आणि कटिंग स्पीड टिकतो. त्याला जी५० ची वरची मर्यादा घालणं विसरू नका, नाहीतर मध्याजवळ स्पिंडल पूर्ण वेगाला पोचतो. शेवटच्या २ मिमीमध्ये फीड पाऊण हिश्श्याने कमी केला तर इन्सर्टची कड बरीच जास्त टिकते.

सुटणारा तुकडा

कापला जाणारा जॉब टेलस्टॉकच्या (चकसमोरच्या टोकाला असलेल्या आधाराच्या) सेंटरने दाबून पार्टिंग पूर्ण करू नका. शेवटी दोन्ही तुकड्यांमधला दुवा पातळ होतो, सेंटरचा दाब खाच मिटवतो आणि ब्लेड मध्ये चिमटलं जातं. लांब जॉबला आधार लागणारच असेल, तर काही मिमी शिल्लक ठेवून थांबा, मशीन बंद करून उरलेलं हॅक्सॉने कापा.

बुश किंवा रिंग पाडताना टेलस्टॉकच्या ड्रिल चकमध्ये एक सळई धरून ती जॉबच्या भोकात न टेकता आत ठेवायची. सुटलेली रिंग सळईवर अडकते, चिपच्या ट्रेमध्ये शोधावी लागत नाही. भरीव तुकड्यासाठी खाली लाकडी फळी किंवा ट्रे. हाताने तुकडा झेलायला जाऊ नये, ग्लव्ह्ज घालून तर मुळीच नाही, आणि गॉगल काढू नये. ब्लेड मोडतं तेव्हा तुकडा कुठे उडेल हे सांगता येत नाही.

भरीव बार ६० मिमीच्या पुढे गेला आणि मशीन साडेचार फुटी असेल, तर मी पार्टिंगचा आग्रह धरत नाही. बँडसॉवर कापून दोन्ही तोंडं फेस केली की काम तेवढ्याच वेळात होतं, आणि ब्लेडही शाबूत राहतं.